तिसऱ्या टाकीचा सांधा

पारदर्शक प्लास्टिकच्या शीट जोडून टाक्या बनवणाऱ्या या माणसाला बाजारात सगळे काचवाला म्हणत, आणि तोही कधी कुणाला दुरुस्त करत नसे. उलट त्यातच त्याची कॉलर ताठ! पण हल्ली त्याचे ग्रहच फिरले होते. मासेविक्याच्या टाकीचा सांधा लागोपाठ दोनदा बिघडला. एकदा आत बुडबुडे राहिले, एकदा दुधाळ रेघ उमटली. पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याकडे जाईल, असं मासेविक्याने शांतपणे सांगितलं. काचवाल्याला ते फार लागलं.

दोष वाऱ्याचाच, हे त्याने ठरवून टाकलं. शीट चिकटवणारं, फटीत सुईने सोडलेलं सोल्युशन वाऱ्याने झटकन उडतं आणि सांधा पांढरट होतो. म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, दाराच्या फटीत जुनं फडकं. आवळून धरणाऱ्या लोखंडी शिकंज्यावर त्याचा भरवसा नव्हता, उभी शीट धरायला बायकोच लागायची. तिचे हात हलत नसत, हे खरं. पण सोल्युशनच्या वासाने डोकं भणभणतं, अन्न नकोसं होतं, हे ती सांगून सांगून थकली होती. सवय होईल, म्हणायचा. इतक्या वर्षांत झाली नाही, ती आता काय होणार, कपाळ!

त्या दुपारी तिसऱ्या टाकीची शेवटची बाजू उरली होती. टेबलाच्या कडेशी तिने शीट उभी धरली, त्याने सुई टेकवली. सोल्युशन फटीतून सरसर धावलं आणि सांधा दिसेनासा झाला. एक बुडबुडा नाही. त्याचा जीव भांड्यात पडला.

"अहो, मला गरगरतंय," ती म्हणाली.

"हलू नकोस. एवढं धर."

तिने धरलं. ओठ पांढरे पडले तरी धरलं. मग गुडघे मोडले आणि ती टेबलाच्या पायावर आपटून खाली कोसळली. आणि या शहाण्याने काय करावं? झडप घालून शीट धरली! बायको पायाशी पडलेली, आणि हा सांधा घट्ट होईपर्यंत त्याच्यावरच डोळे लावून उभा. मग कुठे भानावर आला. खिडक्या उघडल्या, तिला ओढत बाहेर आणलं, तोंडावर पाणी मारलं, हाका मारमारून घसा कोरडा केला.

ती उठून बसली. भुवईवर खोक पडली होती. तो फडकं लावायला गेला तर तिने त्याचा हात बाजूला केला.

तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "घाबरलो गं मी."

"मी शुद्धीत होते," ती म्हणाली. "हातपाय हलत नव्हते, पण दिसत होतं. शीट अगदी स्वच्छ होती, तुमचा चेहरा आरपार दिसत होता. एकदासुद्धा खाली वळला नाही."

ती भिंत धरत आत गेली आणि पिशवीत आपले कपडे भरू लागली. तो दारातच उभा राहिला. थांब म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने?