आत्रोपोसची कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. किती जुनी, ते सांगू शकणाऱ्या सगळ्यांचे धागे मीच कापले आहेत. माझी मालकीण आत्रोपोस, ग्रीकांच्या तीन नियतीदेवींपैकी एक. तिची बहीण क्लोथो माणसाच्या आयुष्याचा धागा कातते, दुसरी बहीण लाखेसिस तो मापते आणि कापायचं काम आम्हा दोघींकडे. साहजिकच कौतुक कातणारीचं होतं. माझं नाव निघालं की अपशकुन टळावा म्हणून लोक स्वतःच्या छातीवर तीनदा थुंकतात.

मूल तीन दिवसांचं झालं की त्याचं आयुष्य ठरवायला आम्ही त्याच्या घरी जातो. दार उघडं, कुत्रा बांधलेला आणि थाळीत मध-बदाम, अशी आम्हाला खूश करायची तिथली रीत. हिमेत्तोस डोंगराच्या पायथ्याशी फिलिन्ना म्हातारी राहायची. तिची दोन नातवंडं आठवडाभरही जगली नव्हती. ही तिसरी, मुठीएवढी मुलगी.

म्हातारीने थाळीत मधाचं अख्खं मडकं उपडं केलं.

"अहो सासूबाई, बदाम पोहायला लागले की!" सून अंथरुणावरून ओरडली.

"पोहू देत. दोनदा हात आखडता घेतला, काय झालं ते बघितलंस ना?"

आम्ही माणसांना दिसत नाही. त्यामुळे आत्रोपोस निःसंकोच कोपरापर्यंत बरबटून खाते.

लाखेसिसने धाग्यावर बोट ठेवलं. "वीतभर. काप."

आत्रोपोसने मला उचललं. मधाने माझी पाती अशी चिकटली की उघडेचनात.

"क्लोथो, थांब गं!"

"कशी थांबू? कापल्याशिवाय कातणं थांबवायचं नाही, हा नियम तुझाच ना?"

"तीनदा बदाम घेताना कळलं नाही हिला," लाखेसिस पुटपुटली.

"चारदा," क्लोथो म्हणाली. धाग्याचा ढीग गुडघ्याला लागला होता.

आत्रोपोसने मला पुसलं, चाटलं, दगडावर आपटलं. खरं सांगते, मधाचा चिकटपणा केव्हाच सुटला होता. उरला होता तो माझा हट्ट.

शेवटी मी कापलं. लाखेसिसने मापून कपाळाला हात लावला. "एक्क्याऐंशी वर्षं!" एकदा कापलेला धागा देवांच्या राजाला, झेउसलाही बदलता येत नाही.

बाळाने टाहो फोडला.

"ऐकलंस?" फिलिन्ना सुनेला म्हणाली. "ही मला पुरून उरणार!"

तेव्हापासून आत्रोपोस माझ्यावर रुसली आहे. तेल नाही, धार नाही. अंगावर गंज चढतो आहे. मित्रांनो, तुमच्या घरच्या कात्रीची निगा राखा, ती बिचारी कापडच कापते. मला मात्र खुशाल गंजू द्या.