तिसऱ्या कप्प्यातले घोडे

मी एक डबी बोलतेय. प्लॅस्टिकची, पिवळ्या झाकणाची, तीन कप्प्यांची. रूप बेताचंच. साच्यातून बाहेर पडतानाच माझं झाकण एका कोपऱ्याला तिरकं झालं, म्हणून दुकानात मला ‘किरकोळ दोष’ अशा पाटीखाली कान तुटलेल्या कपाशेजारी बसवलं होतं. तो दिवसभर कुरकुरायचा. मी म्हटलं, बाबा रे, कोणाचं झाकण सरळ असतं?

आईने मला उचललं तेव्हा तिला सातवा महिना होता. तिने झाकण तीनदा लावून बघितलं, दुकानदाराला तिरका कोपरा दाखवून आणखी थोडे पैसे कमी करून घेतले आणि मला घरी आणलं. दीड वर्षाने माझ्यावर गुंडीचा ताबा आला. गुंडी म्हणजे तिची मुलगी. बटणाएवढं नाक, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव.

माझा मोठा कप्पा जेवणाचा, मधला फळांचा. तिसरा एवढासा आहे. त्यात चार मनुका मावतात, पाचवी घातली की झाकण रुसतं. तो कशासाठी केला होता, हे मला पुष्कळ दिवस कळलं नाही.

आई इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करते. किती रुग्ण, किती ताटं, किती बटाटे, हे तिने ठरवायचं. तिथे रोज अर्धी ताटं तशीच परत येतात, त्यामुळे वाढलेलं कधी संपत नाही यावर तिचा गाढ विश्वास. घरी गुंडी तो रोज पक्का करायची. दोन घास झाले की ओठ घट्ट, आणि मग गाजर कपाटाखाली. उरलेलं आईबाबा ओट्याशी उभ्याउभ्या संपवायचे. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. लेकीच्या उष्ट्यावर त्यांचा पट्टा दोन भोकं पुढे सरकला होता.

मग थीम पार्कला जायचं ठरलं. दोन दिवस. आई वही घेऊन बसली, मी शेजारी वाळत पडले होते.

“आत सगळं तिप्पट भावाने,” आई म्हणाली. “बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. लहान मुलाचं तेवढं चालतं. म्हणजे ही डबी.”

“आणि आपण काय खायचं?”

“तिचं उरतंच की. मी काठोकाठ भरते.”

“म्हणजे सुट्टीतही मी उष्टंच खाणार.”

“घरी कधी तक्रार ऐकली नाही ती.”

वहीत गुंडीचं सगळं होतं. दुपारचं जेवण, चारचं फळ, पाचचं दूध. आईबाबांच्या नावाची ओळच नव्हती. त्यातून जे पैसे वाचले, ते आईने तीन तिकिटांपुरते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माझ्या तिसऱ्या कप्प्यात ठेवले. ते रंगीत घोड्यांचे पैसे. गोल फिरणारे, वर-खाली होणारे लाकडी घोडे, त्यांचं तिकीट वेगळं.

आई सात वर्षांची असताना तिच्या बाबांबरोबर अशाच एका ठिकाणी गेली होती. भूक लागली म्हणून तिने रडून रडून खाऊ घ्यायला लावला, आणि घोड्यांपाशी पोचेपर्यंत खिसा रिकामा. “पुढच्या वेळी,” तिचे बाबा म्हणाले. पुढची वेळ उजाडायला सत्तावीस वर्षं लागली, आणि तोवर ते राहिले नाहीत. ही गोष्ट मी धुतली जाताना इतक्यांदा ऐकलीय की मलाच घोड्यावर बसल्यासारखं वाटतं.

दारावरच्या पहारेकरणीने माझं झाकण उघडलं. उकडलेले बटाटे, गाजर, अंडं, सफरचंदाच्या फोडी.

“बाळ केवढं आहे?”

“दीड वर्षाचं.”

तिने माझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या पोटाकडे बघितलं आणि आत सोडलं.

आणि दुपारी गुंडी जेवली. मोकळी हवा, बाकावर पाय हलवत एक बटाटा, दुसरा बटाटा, अंडं, गाजर. आई आधी कौतुकाने बघत होती, मग नुसती बघत होती. बाबांनी एका फोडीकडे हात नेला तर गुंडीने तो बाजूला केला. माझ्या कोपऱ्यात चिकटलेलं गाजरसुद्धा तिने बोटाने काढून खाल्लं. एवढी स्वच्छ मी आयुष्यात कधी झाले नव्हते, घासूनसुद्धा.

“उद्या नाही खाणार,” आई म्हणाली. “आज चुकून खाल्लं.”

रात्री खोलीवर दोघांनी पाव खाल्ला. दुसऱ्या दिवशी आईने मला इतकं भरलं की माझं झाकण सरळ झाल्यासारखं वाटलं. गुंडीने तेही संपवलं आणि मला उपडं करून वाजवलं.

तीन वाजता बाबा सावलीत बसले. चेहरा पांढरा. “काही नाही, ऊन लागलं,” म्हणाले. पोट वेगळंच सांगत होतं, आणि मोठ्याने.

आई मला मांडीवर घेऊन बसून राहिली. समोर घोडे फिरत होते. तिने माझा तिसरा कप्पा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

“नको,” बाबा म्हणाले. “मी काय मरत नाहीये.”

“दोनशे माणसांना जेवायला घालते मी,” आई म्हणाली. “आणि घरच्या एकाला उपाशी फिरवतेय. चला उठा.”

एक ताट घेतलं. तिप्पट भावाचं. दोन तिकिटांचे पैसे त्यात गेले. दोघांनी एकाच काट्याने खाल्लं, आणि बाबांनी मोठा वाटा हळूच आईकडे सरकवला, तो तिने परत सरकवला. हातात राहिलं एक तिकीट.

“तू जा,” बाबा म्हणाले. “गुंडीला मी धरतो. त्या दांड्यांचं तेलपाणी कसं ठेवलंय ते मला इथूनच बघायचंय.”

तिकीटवालीने आईच्या कडेवरच्या गुंडीकडे बघितलं. “मांडीवर घेणार असाल तर तिचं लागत नाही.”

हे आईच्या वहीत नव्हतं.

मी बाबांच्या हातात, कठड्यापाशी. निळ्या घोड्यावर आई, पुढे गुंडी. पहिल्या फेरीला आई दांडा घट्ट धरून अगदी सरळ बसली होती, मुलाखतीला बसावं तशी. दुसऱ्या फेरीला हसत होती. तिसऱ्या फेरीला गुंडीने मुठीतून सफरचंदाची एक फोड काढली, मऊ झालेली, कधीची लपवलेली कोण जाणे, आणि मागे वळून आईच्या तोंडात कोंबली. दोन दिवसांतलं पहिलं उष्टं. आई ते चावत होती आणि डोळे पुसत होती. बाबा माझी उगाच उघडझाप करत होते.

त्याला आता सहा वर्षं झाली. गुंडीला पिवळा रंग आवडत नाही, तिला वेगळा डबा आहे. मी वरच्या फळीवर होते, पोटात रबरबँड आणि कसल्यातरी किल्ल्या. माझा एक खटका तुटलाय, झाकण दोऱ्याने बांधतात. कोणाला माझी गरज नाही असंच धरून चालले होते.

काल आईने मला खाली काढलं. पुन्हा जायचंय म्हणे. वही उघडी होती. त्यात आईची एक ओळ, बाबांची एक ओळ, गुंडीच्या ओळीइतक्याच लांब. म्हणून जाता जाता एवढंच सांगते: लेकरांचा डबा जरूर भरा, पण स्वतःचं पोट त्यांच्या उष्ट्यावर सोडू नका. एखाद्या दिवशी ती सगळं संपवतात.

किल्ल्या काढून आईने मला पुसलं आणि तिसऱ्या कप्प्यात एकाच तिकिटाचे पैसे ठेवले.

“एकच?” गुंडीने विचारलं.

“आपण बसलोय गं,” आई म्हणाली. “तुझे बाबा राहिलेत.”