लाल चौकट

वेंडेल हुडाकची नोकरी कुणाशीही न बोलण्याची होती, आणि तिचा पगार चांगला होता.

खासदार गॉर्डन लाइट्झेल यांच्या प्रचाराचा मजकूर तो अठरा वर्षं लिहीत आला होता. लाइट्झेल हे डेमोक्रॅटिक पक्षातले मवाळ. इतके मवाळ की त्यांनी आजवर कुठल्या गोष्टीला ठाम विरोध केला, हे वेंडेलला दर दोन वर्षांनी शोधून काढावं लागे. कायदा असा होता की उमेदवाराने बाहेरच्या पैसेवाल्या गटांशी संगनमत करायचं नाही. फोन नाही, बैठक नाही, सूचना नाही. मात्र उमेदवाराच्या वेबसाइटवर जे लिहिलंय ते वाचायला कुणालाच बंदी नव्हती. म्हणून वेबसाइटच्या तळाशी एक लाल चौकट असे. तिच्यात वेंडेल लिही : 'उत्तर खोऱ्यातील पन्नाशीपुढील स्त्री-मतदारांना पत्राद्वारे कळणे आवश्यक आहे की...' सामान्य माणसाला वाटे, काय ही भाषा! पण चौकट सामान्य माणसासाठी नव्हतीच. आठवड्याभरात 'समंजस पेनसिल्व्हेनियाचे मित्र' नावाचा गट तोच मजकूर चकचकीत कागदावर छापून उत्तर खोऱ्यात, पन्नाशीपुढच्या बायकांच्या टपालपेट्यांत टाके. कुणी कुणाला काही सांगितलेलं नसे.

यंदा प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी आतली निवडणूक, अवघड होती. लाइट्झेल यांच्यासमोर नोएमी तलावेरा उभी होती : चौतीस वर्षांची, पुरोगामी, औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट. सरकारने सगळ्यांचा औषधोपचार करावा आणि औषध कंपन्या चोर आहेत, अशी तिची दोन वाक्यं होती आणि दोन्ही लोकांना पाठ झाली होती. लाइट्झेल चार टक्क्यांनी मागे होते.

आणि वेंडेलची थोरली बहीण रॉबर्टा तलावेराबाईंसाठी दारोदार फिरत होती.

मार्चमधल्या एका शुक्रवारी, ईस्टरआधीच्या उपासांत, ज्यांत शुक्रवारी मांस वर्ज्य पण मासे चालतात, अग्निशमन दलाच्या तळघरात नेहमीप्रमाणे तळलेल्या माशांचं जेवण होतं. रॉबर्टा मासे पिठात घोळवत होती. तिच्या अ‍ॅप्रनवर तलावेराचा बिल्ला होता, त्यावर पीठ उडालं होतं. ती शाळेची बस चालवायची. दोन वर्षांपासून तिला रक्ताचा कॅन्सर होता. रोज एक गोळी घेतली की तो गप्प बसे, नाही घेतली की बसत नसे. त्या गोळ्यांची महिन्याची बाटली तिच्या गाडीपेक्षा महाग होती. विमा कंपनीने कधीच हात वर केले होते. पण शरद ऋतूपासून गोळ्या फुकट येत होत्या, कशा ते वेंडेलने विचारलं नव्हतं.

"काय रे, तुझा म्हातारा खासदार कसा आहे?" थाळी घेऊन आलेल्या वेंडेलला तिने विचारलं.

"झोप चांगली लागते त्यांना. तुझी बाई निवडून आली तर हे मासेसुद्धा फुकट का?"

"मॅकरोनी फुकट. मासे ती दुसऱ्यांदा निवडून आली की."

"थट्टा नाही, रॉबर्टा. तुझी बाई नुसती ओरडते. ज्यांना चोर म्हणते त्यांना एक फोन करून कुणाचं काम करून देईल का? लाइट्झेल बोलत नाहीत, पण निदान फोन उचलतात."

रॉबर्टाने हातातला मासा खाली ठेवला. "माझ्या गोळ्या कुठून येतात वाटतं तुला? आभाळातून?" मग आवाज उतरवून म्हणाली, "दुकानात येणारा औषध कंपनीचा माणूस तिच्या ओळखीचा आहे. तिने त्याला स्वतः फोन केला. तीन वेळा. फुकट औषधासाठी कंपनीकडे येणाऱ्या अर्जांत माझी फाइल सगळ्यात वर ठेवायला लावली. अजून निवडणुकीचं नावसुद्धा नव्हतं तेव्हा. आता बोल."

वेंडेलने थाळी पुढे केली.

"आणि हे घरातच राहू दे हं. कुणाला सांगू नको म्हणालीय ती."

"मी कुणाशी बोलतो?" वेंडेल म्हणाला, आणि ते अक्षरशः खरं होतं.

सोमवारी प्रचारप्रमुखाने विचारलं, बाईंविरुद्ध काही सापडलं का? वेंडेल म्हणाला, नाही. बुधवारी लाइट्झेल सहा टक्क्यांनी मागे पडले. गुरुवारी वेंडेलने चौकटीत लिहिलं : 'उत्तर खोऱ्यातील मतदारांना पत्राद्वारे कळणे आवश्यक आहे की नोएमी तलावेरा औषध कंपन्यांना जाहीरपणे चोर म्हणतात आणि खासगीत त्यांनाच फोन करून ओळखीच्यांसाठी सवलत मागतात.' बहिणीचं नाव त्याने घातलं नव्हतं. याचं त्याला स्वतःलाच बरं वाटलं. एक स्वल्पविराम खटकत होता, तो काढून टाकला.

आठवड्याने पत्रं पडली. त्यांवर तलावेराबाई कानाला फोन लावून हसत होत्या. फोन वेटोळ्या तारेचा होता. तसला फोन त्या खोऱ्यात वीस वर्षांत कुणी पाहिला नसेल.

यावर उत्तर सोपं होतं. 'हो, केला फोन. एक बाई मरणार होती. लाइट्झेल यांनी कुणासाठी केला?' वेंडेल तिच्याकडे नोकरीला असता तर त्याने हेच लिहिलं असतं आणि लाइट्झेल त्याच दिवशी संपले असते. तो दोन दिवस त्याच वाक्याची वाट पाहत होता, घाबरून आणि थोडं आशेनेही.

पण पुरोगाम्यांनी बैठक घेतली. ती पाच तास चालली आणि तिच्यात लाइट्झेल यांचं नावही निघालं नाही. प्रश्न असा होता की कंपनीशी वाटाघाटी करण्याचा अधिकार बाईंना दिला कुणी? एका संघटनेने पाठिंबा काढून घेतला. दुसरीने तो काढून घेण्याबाबत पोटसमिती नेमली. चौथ्या दिवशी तलावेराबाईंचं निवेदन आलं. एकासाठी सवलत मागणं म्हणजे अन्यायी व्यवस्थेला मान्यता देणं, माझं चुकलं, या प्रकरणी माझ्या शब्दाला वजन देऊ नये आणि सर्व अर्ज एकाच रांगेत ठेवावेत, असं मी कंपनीला लेखी कळवलं आहे.

कंपनीने हे तत्परतेने मान्य केलं. खोऱ्यात समता आली ती एवढ्या एकाच ठिकाणी.

मे महिन्यात तलावेराबाई सहाशे अकरा मतांनी हरल्या. त्यानंतरच्या सोमवारी रॉबर्टाचा फोन आला.

"कंपनीचं पत्र आलंय. माझी फाइल फेरविचाराला गेली. नव्वद दिवस लागतील."

"गोळ्या किती आहेत?"

"एकोणीस." ती म्हणाली. "तूच ना रे?"

"मी कुणाशी बोललो नाही, रॉबर्टा."

"ते माहीत आहे. म्हणून तर विचारलं."

वेंडेल तसाच लाइट्झेल यांच्याकडे गेला. अठरा वर्षांत त्याने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. लाइट्झेल यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी वेंडेलच्या खांद्यावर हात ठेवला.

"बहिणीला आमच्या ऑफिसचा फॉर्म भरायला सांग. लक्ष घालतील पोरं."

"फॉर्मला दोन महिने लागतात, गॉर्डन. तुम्ही कंपनीला एक फोन करा. तुमचा फोन ते घेतील."

लाइट्झेल यांनी हात काढला. "वेंडेल, अरे, आत्ता? बाईंच्या त्या फोनवर बोट ठेवूनच तर आपण जिंकलोय."

जूनमध्ये नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीसाठी चौकट नव्याने लिहायची होती. वेंडेल बराच वेळ रिकाम्या लाल रेघांकडे पाहत बसला. ही चौकट रोज वाचणारं जगात निदान कुणीतरी होतं, आणि त्याच्याकडे अमाप पैसा होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने लिहिलं : 'उत्तर खोऱ्यातील एका बसचालक स्त्रीला तिच्या कॅन्सरच्या गोळ्या या आठवड्यात मिळणे आवश्यक आहे.' कुठेही 'मतदार' लिहिलं नाही. 'पत्राद्वारे' लिहिलं नाही.

इतका झटपट प्रतिसाद चौकटीला कधीच मिळाला नव्हता.

रविवारी तो रॉबर्टाकडे गेला. तिने दार उघडलं आणि लगेच खुर्ची गाठली. टेबलावर रिकामी बाटली होती आणि फ्रिजवर चुंबकाने लावलेलं चकचकीत पत्र. पत्रावर शाल पांघरलेली एक गोड बाई खिडकीपाशी कॉफी पीत होती, मागे पिवळी बस होती आणि खाली ठळक अक्षरांत : 'तिच्या गोळ्यांसाठी लढणारा माणूस : गॉर्डन लाइट्झेल.'

"बाई माझ्यापेक्षा बरी दिसते," रॉबर्टा म्हणाली. "तिला मिळताहेत वाटतं."

"मी असं लिहिलं नव्हतं गं. मी लिहिलं होतं की..."

"वाचलं मी. उघडीच तर असते तुझी चौकट." तिने कॉफीचा कप त्याच्याकडे सरकवला. "चांगलं लिहिलंयस. अठरा वर्षांत पहिल्यांदा समजलं मला, काय म्हणायचंय तुला ते."

वेंडेलला काहीतरी बोलायला हवं होतं. सवयीने तोंडातून निघून गेलं : "नोव्हेंबरात मत कुणाला?"

रॉबर्टाने त्याच्याकडे पाहिलं. रागावलेली नव्हती, तेवढं बळच नव्हतं तिच्यात.

"तुझ्या म्हाताऱ्यालाच. दुसरं आहे कोण? दुसऱ्या पक्षाचा तर याच्याहून वाईट आहे," ती म्हणाली. "लिही तेही. छापून मलाच पाठवतील ते."