चौथ्या खोलीतला रिकामा पलंग

बहादरपुरात योगेंद्र महाजनची मुलगी भूमिका शाळेत जायच्या आधीपासूनच प्रसिद्ध होती. शंभरपर्यंतचे आकडे ती एका दमात म्हणायची. घरी पाहुणा आला की योगेंद्र तिला खाटेवर उभं करायचा, आणि पाहुण्याच्या कपातला चहा संपायच्या आत पोरगी शंभरावर पोचलेली असायची. हे सगळं बापानंच शिकवलं होतं. सकाळी केळीच्या बागेकडे जाताना तो तिला मोटरसायकलच्या टाकीवर पुढे बसवायचा आणि दोघं मोठ्यानं आकडे म्हणत जायचे. योगेंद्र स्वतः दहावीला गणितात नापास झाला आणि तिथंच त्याची शाळा सुटली. पोरीच्या वाट्याला ते येऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

त्या जूनमध्ये भूमिका गावातल्या मराठी शाळेत पहिलीला बसली आणि त्याच महिन्यात पहिलीच्या वर्गावर तृप्ती चौधरी ही नवी शिक्षिका आली. ती रोज बुऱ्हाणपूरहून स्कूटीवर यायची. हेडमास्तर गिरधर सरांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, की पोरांकडून आकडे पाठ करून घ्या, उरलेलं वयानुसार येतं. तृप्तीनं मान डोलावली, पण पुढच्या आठवड्यात ती बाजारातून पिशवीभर प्लास्टिकची खेळणी घेऊन आली. बेडूक, बदकं, हत्ती, उंट, सगळे शेंगदाण्याएवढे. गिरधर सरांना पहिली काळजी वाटली ती कोणी गिळून टाकेल याची. तृप्तीनं शब्द दिला, की पिशवी उघडी असेपर्यंत ती वर्गाबाहेर पाऊल टाकणार नाही.

सतरंजीवर खेळणी ओतली तेव्हा वर्गात असा कल्ला झाला की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीला लटकली. तृप्तीनं एकेकाला बोलावून सोपी कामं द्यायला सुरुवात केली. तीन हत्ती दे. पाच बदकं दे. भूमिकाची पाळी आली तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं की ही हुशार आहे, म्हणून तृप्तीनं तिला सात बेडूक मागितले.

भूमिकानं बेडूक उचलायला सुरुवात केली आणि तोंडानं आकडे म्हणायला. पण तोंडातले आकडे मोटरसायकलच्या वेगानं पळत होते आणि बोटं आपल्या चालीनं. "सात" म्हणून ती थांबली तेव्हा हातात चार बेडूक होते. तिच्या शेजारी बसलेल्या मोहितनं ते मोजले आणि सांगून टाकलं. भूमिकानं पुन्हा सुरुवात केली. या वेळी बोटं पुढे गेली आणि अकरा बेडूक जमले. मुलं हसली. तिसऱ्यांदा मोजताना तिचा आवाजच फुटेना. मूठ उघडून तिनं बेडूक सतरंजीवर टाकले आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिच्याऐवजी योगेंद्र आला.

तो ओरडला नाही. हेडमास्तरांच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसून त्यानं विचारलं, की माझ्या पोरीला काय झालं, काल घरी आल्यापासून आकड्याचं नावही काढू देत नाही. तृप्तीनं जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. वर्गासमोर तिची परीक्षा घ्यायला नको होती, हेही सांगितलं. मग म्हणाली, "भूमिकाला आकड्यांची नावं येतात. आकडे अजून यायचे आहेत."

योगेंद्रचा चेहरा उतरला. गणित ही त्याच्या आयुष्यातली हरलेली गोष्ट होती, आणि पोरीला शंभरपर्यंत नेणं ही त्यानं जिंकलेली एकमेव गोष्ट. ती पण खोटी आहे असं ही नवी शिक्षिका सांगत होती.

"मॅडम, पूर्ण गाव ऐकतं तिला," तो म्हणाला. "आणि तुम्ही बेडूक घेऊन बसल्या." दिवाळीपर्यंत बघतो, नाहीतर बुऱ्हाणपुरातल्या लालबागच्या प्रायव्हेट शाळेत टाकतो, असं सांगून तो निघून गेला. गिरधर सरांनी तृप्तीला सबुरीनं समजावलं, की गावात पालकांना दुखवून चालत नाही. खेळणी बंद करा असं ते म्हणाले नाहीत, पण अभ्यासक्रम संपवून उरलेल्या वेळात काढा, एवढं म्हणाले. त्या दुपारी स्कूटी चालवताना तृप्तीला राहून राहून ती उघडलेली मूठ दिसत होती.

भूमिका परत आली, पण पिशवी उघडली की ती दूर सरकायची. तृप्तीनं तिला एकदाही बोलावलं नाही. इतर मुलं बदकांच्या रांगा लावत, हत्तींच्या जोड्या लावत, आणि भूमिका दारापाशी बसून बघत राही.

एके दिवशी मध्यान्ह भोजन झाल्यावर मुलं पटांगणात पळाली. भूमिका मात्र वर्गातच रेंगाळली. तिनं सतरंजीवरचा एक बेडूक उचलला, खिडकीत पडलेलं बाटलीचं झाकण आणलं आणि त्यात बेडकाला निजवलं. मग दुसरं झाकण, दुसरा बेडूक. तृप्ती हजेरीपट भरत होती. तिनं मान वर केली नाही, नुसती कान देऊन ऐकत राहिली. थोड्या वेळानं भूमिका स्वतःशीच पुटपुटली, "एकाले पलंगच नाही."

तृप्ती उठून तिच्याजवळ जाऊन बसली आणि काही न बोलता पिशवीतले आणखी काही बेडूक तिच्यासमोर ठेवले. हे पण दमून आलेत, ती म्हणाली, यांनाही झोपायचंय. झाकणं तिकडे कपाटावर आहेत. पण एकाच खेपेत सगळ्यांसाठी आणायची, कमी नको आणि जास्तही नको.

भूमिका धावत गेली आणि मूठभर झाकणं घेऊन आली. जास्त झाली. तृप्तीनं ती परत ठेवायला लावली. दुसऱ्या खेपेला कमी पडली. कोणी हसलं नाही, कोणी बघतही नव्हतं. भूमिका पलंग नसलेल्या बेडकांसमोर उकिडवी बसली आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं पहिल्या बेडकाच्या डोक्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "एक." बोट उचललं. दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं. "दोन." प्रत्येक शब्दासाठी ती थांबत होती, जणू तो शब्द त्या बेडकाच्या अंगावर नीट बसला की नाही हे पाहत होती. शेवटच्या बेडकावर "आठ" आलं. ती आठ, आठ, आठ असं म्हणत कपाटापर्यंत गेली, एकेक करून झाकणं घेतली आणि परत आली. प्रत्येक बेडकाला पलंग मिळाला. एकही झाकण उरलं नाही.

तिनं तृप्तीकडे पाहिलं. मग सगळे बेडूक उठवले आणि पुन्हा निजवले, खात्री करायला. या वेळी ती खुदकन हसली.

त्या दिवसापासून पहिलीच्या वर्गात पलंगांचा खेळ सुरू झाला. झाकणं पुरेनात, तेव्हा तृप्तीनं किराणा दुकानातून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे मागून आणले आणि कात्रीनं कापले. प्रत्येक तुकड्यात पाचापाचाच्या दोन रांगा, म्हणजे दहा खळगे. मुलांनी त्या तुकड्याला खोली म्हणायला सुरुवात केली. एका खोलीत दहा पलंग. एक खोली भरली की दुसरी उघडायची. भूमिका आता दारापाशी बसत नव्हती. मोहित आणि ती मिळून उंटांच्या अख्ख्या फौजा झोपवत आणि कोणाची फौज मोठी यावर भांडत. भांडण मिटवायला मोजावं लागे, आणि मोजताना खोल्या उपयोगी पडत. तीन खोल्या आणि दोन, म्हणजे बत्तीस. हे कोणी पाठ करून घेतलं नव्हतं.

घरी मात्र ती आकडे म्हणायला अजून तयार नव्हती. मोटरसायकलवर योगेंद्रनं "एक" म्हटलं की ती रस्त्याकडे बघत बसायची. त्यामुळे योगेंद्रला वाटलं की शाळेनं आपल्या पोरीचं होतं ते पण घालवलं. दिवाळीच्या सुट्टीआधी तो टीसी मागायला शाळेत आला. बागेत केळीची कटाई चालू होती. तिथूनच तो तसाच आला होता, शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग घेऊन.

गिरधर सर त्याला वर्गात घेऊन आले. जायच्या आधी मुलीनं काय केलं ते तरी बघा, असं त्यांचं म्हणणं होतं. योगेंद्र दारात उभा राहिला आणि त्यानं भूमिकाला जे विचारायची सवय होती तेच विचारलं, "बेटा, शंभरपर्यंत बोल."

"नाही," भूमिका म्हणाली.

तृप्ती मध्ये पडली नाही. भूमिका उठली, पिशवी घेतली आणि बापासमोर फरशीवर उपडी केली. "पापा, ओंजळ भरून घ्या," ती म्हणाली. "जितके येतील तितके."

योगेंद्रनं एकदा हेडमास्तरांकडे पाहिलं आणि मग गुडघ्यावर बसला. त्याच्या मोठ्या ओंजळीत बेडूक, बदकं, उंट सगळे आले. त्यानं ते सतरंजीवर ओतले. भूमिकानं अंड्यांच्या ट्रेचे तुकडे ओळीनं मांडले आणि एकेका खळग्यात एकेक प्राणी ठेवत गेली. ती घाई करत नव्हती आणि तोंडानं काही म्हणतही नव्हती. चार खोल्या भरल्या. पाचव्या खोलीत तीन बदकं गेली आणि ढीग संपला.

"त्रेचाळीस," भूमिका म्हणाली.

योगेंद्रला खरं वाटेना. त्यानं स्वतः एकेकावर बोट ठेवून मोजायला घेतलं, मध्ये चुकला, पुन्हा सुरुवातीपासून मोजलं. त्रेचाळीसच होते. तो भूमिकाकडे बघतच राहिला. तिनं पाठ केलेलं काही म्हटलं नव्हतं, कारण ओंजळीत किती येतील हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं हात पुढे केला, पाचव्या खोलीतली तिन्ही बदकं उचलली, चौथ्या खोलीच्या कोपऱ्यातला एक उंटही उचलला आणि मूठ मिटली. "चार मी नेले," तो म्हणाला. "आता?"

हे वर्गात कधी झालं नव्हतं. तृप्तीनं वजाबाकीला हातही लावला नव्हता. भूमिका खोल्यांकडे वाकली. पहिल्या तीन खोल्यांवरून तिचा हात भरभर फिरला आणि चौथ्या खोलीवर थांबला. कोपऱ्यातल्या रिकाम्या खळग्यात तिनं बोट घातलं. ओठ हलत होते. मग ती एकदम सरळ झाली.

"एकोणचाळीस," ती म्हणाली. आणि तेच पुन्हा, पण आता तोडून, चाखल्यासारखं: "एक... ऊण... चाळीस. मॅडम, चाळीस राहिले असते, पण एक पलंग खाली आहे, एक उणा. म्हणून त्याले एकोणचाळीस म्हणतात!"

गिरधर सर खिडकीपाशी उभे होते. त्यांनी हळूच तृप्तीला विचारलं, की हे तुम्ही सांगितलं होतं का. तृप्तीनं नकारार्थी मान हलवली. अख्खं बालपण तिनं हा शब्द उच्चारला होता, शिकवणीत कितीदा फळ्यावर लिहिला होता, आणि त्या शब्दातला रिकामा पलंग तिला कधी दिसला नव्हता.

भूमिका थांबायला तयार नव्हती. तिनं मोहितला हाक मारली आणि दोघांनी मिळून खोल्या भरायला सुरुवात केली. दोन खोल्या, एक पलंग रिकामा: एकोणीस. तीन खोल्या, एक रिकामा: एकोणतीस. इतर मुलंही येऊन वाकली. पाचव्या खोलीत एकोणपन्नास, सहाव्या खोलीत एकोणसाठ. ट्रे कमी पडले तेव्हा मुलांनी फरशीवर खडूनं खोल्या काढल्या, प्राणी संपले तेव्हा पटांगणातून चिंचोके आणले. प्रत्येक वेळी शेवटच्या खोलीतला एक पलंग मोकळा ठेवायचा आणि सगळ्यांनी मिळून तो शब्द ओरडायचा. वर्ग दणाणून गेला. दुसरी-तिसरीची मुलं दारात जमली, आणि गिरधर सरांनी कोणालाही हाकललं नाही.

योगेंद्र अजून फरशीवरच बसला होता. चार प्राणी त्याच्या मुठीत होते. "मी हे दहा वर्षं शाळेत म्हटलं," तो तृप्तीला म्हणाला. "कोणी दाखवलंच नाही." त्याचे डोळे भरले होते आणि तो हसतही होता. टीसीची गोष्ट त्यानं काढली नाही. शेवटी त्यानंच एक चिंचोका उचलून भूमिकाच्या आठव्या खोलीत ठेवला आणि जरा चुकतमाकत म्हणाला, "एकोणऐंशी?" भूमिकानं खळगे तपासले आणि मान डोलावली.

मग सगळे दहाव्या खोलीपर्यंत आले. एक पलंग रिकामा. मुलं ओरडायला तयार होती. भूमिकानं तोंड उघडलं आणि मिटलं. तिचं पाठांतर तिला वेगळाच शब्द सांगत होतं.

"पापा, हे नव्व्याण्णव आहे," ती म्हणाली. "पण एकोणशंभर का नाही?"

योगेंद्रनं तृप्तीकडे पाहिलं. तृप्तीनं गिरधर सरांकडे. गिरधर सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि कबूल केलं की आपल्याला ठाऊक नाही. कोणीतरी जुन्या माणसानं तसं ठरवलं असेल, ते म्हणाले, पण तुझं म्हणणं बरोबर आहे.

बहादरपूरच्या पहिलीच्या वर्गात त्या दिवसापासून नव्व्याण्णवाला दोन नावं आहेत. पाहुणे आले, साहेब आले की मुलं नव्व्याण्णव म्हणतात. आपापसात मोजताना एकोणशंभर म्हणतात, ठसक्यात, आणि लगेच शेवटच्या पलंगावर एक चिंचोका टाकून शंभर करतात.