पाठीलाही कान

भिजवलेल्या तेंदूपानांचा वास.

कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशी ॲल्युमिनियमची पट्टी.

"लाडू हाय का वरवंटा?"

हलगी. अगदी जवळ. नको, नको, अजून लांब.

एका बाईचा कोपर.

मित्रांनो, हे सगळे माझ्याच आयुष्याचे तुकडे आहेत. मी एक जुना माईक आहे. गोष्ट क्रमाने सांगावी हे मला ठाऊक आहे. पण मला जे ऐकू आलं ते क्रमाने आलं नाही. काही पुढून आलं, काही मागून. तसंच सांगतो.

*

सोलापुरात बाळीवेशीजवळ मडिवाळप्पांचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. बारसं असो, सभा असो, उत्सव असो, भोंगे तिथूनच जायचे. दुकानात आम्ही तीन माईक होतो.

थोरला दणकट. त्याच्या तोंडाशी कुणीही ओरडावं, हलगी बडवावी, तो हूं की चूं करत नसे. मात्र जो तोंडाशी येईल त्याचंच तो ऐके. जरा बाजूला सरकलात की संपलं.

मधला चिरक्या आवाजाचा. "हरवलेली चप्पल मांडवात आणून द्यावी" हे त्यानेच सांगावं, थेट पुढच्या चौकात ऐकू जाई. बिचाऱ्याला ऊन सोसत नसे. एका वैशाखात तो टेम्पोच्या टपावर राहिला आणि कायमचा मुका झाला.

आणि मी. सनई माझ्यासमोर वाजली की तिची धार जाऊन गोडवा तेवढा उरे. पेटी हातभर लांब ठेवली तर तिचा भाता श्वास घेताना ऐकू येई. पण हलगीचं आणि माझं कधी जमलं नाही. माझ्या पोटात ती पातळ पट्टी आहे. आवाज आला की ती थरथरते, तेच माझं ऐकणं. जोराचा धक्का बसला की ती तुटते.

माझा जन्म सांगायचा राहिलाच. तो मलाही नीट आठवत नाही. समुद्रापलीकडचा एक कारखाना, मग मुंबईचा एक स्टुडिओ, मग भंगाराचा ढीग. त्या ढिगातून मडिवाळप्पांनी मला उचललं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि म्हणाले, "वजनदार हाय की गडी!"

माझं झालेलं ते पहिलं कौतुक.

*

आता लाडू.

एका लग्नात सनईसाठी मला लावलं होतं. सनईवाले जेवायला उठले. मडिवाळप्पांची बायको बसव्वा माझ्या पाठीमागे पाटावर बसली होती. तिने वरपक्षाकडून आलेला लाडू दाताखाली धरला आणि स्वतःशीच पुटपुटली,

"लाडू हाय का वरवंटा? पाव्हण्यांचे दात पाडायला केल्यात जणू."

चारही भोंग्यांतून ते साऱ्या मांडवाला ऐकू गेलं. वराच्या आईच्या हातातलं ताट तिथेच थांबलं.

मडिवाळप्पा धावत आले. "अगं, बस कर की! साऱ्या पेठेत गेलं!"

"मी काय तुमच्या माईकापुढं बोलले व्हय? पाठीमागं हुते की!"

"पाठीला बी कान हाईत त्याला!"

"मग आधी सांगायचं न्हाय?"

"मला तरी कुटं ठावं हुतं!"

खरंच आहे. मला पुढून जेवढं ऐकू येतं तेवढंच मागून येतं. डाव्या-उजव्या बाजूंनी मात्र मी ठार बहिरा. मला असंच घडवलं आहे. पण त्या दिवसापासून माझं नाव 'चुगलखोर' पडलं. मला मखमलीच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर टाकलं. उंदरांनी पिशवीचा एक कोपरा खाल्ला. मी खालून येणारी थोरल्याची भाषणं ऐकत पडून राहिलो.

*

तेंदूपानं. हे मी बसव्वाच्या तोंडून ऐकलेलं.

सोनाबाई आणि मल्लव्वा एका बिडी कारखान्यात कामाला होत्या. मांडीवर सूप घेऊन समोरासमोर बसायच्या आणि एकमेकींच्या ओठांकडे बघत गायच्या. सोनाबाई मराठीत विचारायची, मल्लव्वा कानडीत उत्तर द्यायची. एकीचा आवाज खणखणीत, दुसरीचा मऊ.

दारी आला पाव्हना, पानी कोन देईल गं?

नीर ना कोडतीनि, अक्का. म्हणजे, पाणी मी देते, अक्का.

एका जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेत, त्यांना स्टेजवर बोलावलं. दोघींना शेजारी शेजारी उभं केलं, लोकांकडे तोंड करून. पुढे थोरला. त्याने एकटीचंच ऐकलं. सोनाबाई उंच, ती त्याच्या तोंडाशी होती. लोक म्हणाले, सोनाबाई काय गायली! दुसरी कोण होती, ते कुणी विचारलं नाही. त्यात स्टेजवरच्या गर्दीत सोनाबाईचा कोपर मल्लव्वाला लागला.

मल्लव्वाला वाटलं, मुद्दाम ढकललं. तिने कारखान्यात जागा बदलली. सोनाबाईकडे पाठ करून बसायला लागली. सोनाबाई एकटीच गाऊन बघायची. पाणी कोण देईल, असं विचारायची आणि पुढे काही यायचंच नाही. मग तीही गप्प झाली.

पुढच्या नवरात्रात बातमी आली, की दसरा झाला की मल्लव्वा अक्कलकोटकडे लेकाच्या गावी कायमची जाणार. सोनाबाई बसव्वाकडे येऊन बसली. चहा निवला तरी तिने बशी उचलली नाही.

"एकदा तिच्यासंगं गायाचं हाय. मग जाऊ दे कुटं जायाचं तितं."

बसव्वा उठली आणि स्टुलावर चढली. पिशवी काढून तिने मला नवऱ्यापुढे ठेवलं.

"ह्याला लावा उद्या देवीपुढं."

"ह्या चुगलखोराला? अन् कुनी फुंकलं तर? पट्टी तुटंल त्याची."

"फुंकायला मी कुनाला देत न्हाय. दोन्हीकडनं ऐकतोय न्हवं ह्यो? मला लई म्हाग पडलंय ते. आता कुनाच्या तरी कामी येऊ द्या."

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मडिवाळप्पांनी भोंगे माझ्या डाव्या-उजव्या बाजूंना बांधले, म्हणजे त्यांचा आवाज परत माझ्यात शिरून शिट्टी वाजायला नको. मंडळाचे अध्यक्ष आले आणि गाल फुगवून थेट माझ्याकडेच निघाले. बसव्वा आडवी आली.

"अवो सायेब, तुमचा तो! तुमाला शोभंल असा मोठा हाय की!"

अध्यक्ष खूश होऊन थोरल्याकडे वळले.

मल्लव्वा देवीला नारळ ठेवायला आली होती. बसव्वाने तिचा हात धरला.

"मी तिच्या शेजारी बसनार न्हाय," मल्लव्वा म्हणाली.

"शेजारी कोन म्हनतंय? समोर बस."

मल्लव्वाने नारळ देवीपुढे ठेवला. ती बसली. माझ्या एका बाजूला सोनाबाई, दुसऱ्या बाजूला मल्लव्वा, आणि मध्ये मी, दोघींच्या ओठांच्या उंचीला.

सोनाबाईने विचारलं. दारी आला पाव्हना, पानी कोन देईल गं?

मल्लव्वा खाली बघत होती. मांडवात कुणाचंतरी मूल रडलं आणि गप्प झालं.

सोनाबाईने पुन्हा विचारलं. यावेळी तिचा आवाज फुटला. मल्लव्वाने मान वर केली.

नीर ना कोडतीनि, अक्का.

मित्रांनो, माझी पट्टी दोन्हीकडून हलली. भोंग्यांतून पहिल्यांदाच दोघी सारख्या ऐकू आल्या. स्वतःचा आवाज असा परत येताना ऐकून मल्लव्वा दचकली, आणि सोनाबाई रडत रडत हसली. मग त्या थांबेचनात. एक झालं की दुसरं.

गाणं संपलं. मी चालूच होतो, हे दोघींच्या ध्यानात नव्हतं.

"कोपर मारलास की गं तवा."

"लागला आसंल. जागा कुटं हुती? पर खरं सांगते, तुजा आवाज येईना तवा मलाच भ्या वाटलं."

"मग थांबायचं हुतं."

"चुकलं माझं. जाऊ नगंस गं."

"जाते. लेक हाय माझा तितं."

"मग नवरात्राला येत जा."

"येते की. पानी कोन देनार तुला?"

सारी पेठ ऐकत होती. मडिवाळप्पांचा हात बटणाकडे गेला. बसव्वाने तो धरला.

"ऱ्हाऊ द्या. ऐकू द्या सगळ्यास्नी."

*

मल्लव्वा गेली, आणि नवरात्राला येत राहिली. मी दर वर्षी दोघींच्या मध्ये उभा राहिलो. मग एका सभेत एका पाहुण्यांनी मला तोंडाशी धरलं आणि फू करून फुंकलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं; सगळे तसंच करतात. माझी पट्टी तुटली.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. माईकवर फुंकू नका, टिचकी मारू नका. चालू आहे का ते बघायचं असेल तर आपलं नाव सांगा. त्याला तेवढं पुरतं. आणि कुणाला गायला बोलावलंत, तर आधी त्यांचा आवाज ऐका, मग माईक निवडा. हलगीला थोरला, सनईला माझ्यासारखा. ज्याचा आवाज मऊ आहे त्याला ओरडायला सांगू नका. त्याचं ऐकेल असा कुणीतरी त्याच्यासमोर ठेवा.

आणि एक तुकडा राहिलाच, सगळ्यात आधीचा. कारखान्यात सोनाबाई आणि मल्लव्वा पहिल्यांदा समोरासमोर बसल्या, त्या दिवशी मल्लव्वाला मराठीचा एक शब्द येत नव्हता, आणि सोनाबाईला कानडीचा.