खुर्चीवरची उशी

क्लचबाईंची पाठ गेली ती शिकाऊ लोकांच्या ब्रेकांनी. उभा जन्म त्यांनी गाडी शिकवण्यात घालवला, आणि शिकणारा माणूस समोर मांजर दिसलं तरी ब्रेकवर असा उभा राहतो की शेजारी बसलेल्याचा मणका न् मणका हलावा. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. डॉक्टर गेले, न्यायाधीशांची लेक गेली, पोलीसगाड्यांचे ड्रायव्हर तर झाडून सगळे गेले. "क्लच, अहो क्लच!" ही त्यांची आरोळी कित्येकांच्या स्वप्नात अजून येते म्हणे. नाव पडलं ते त्यावरूनच. तोंडावर मात्र कुणाची म्हणायची टाप नव्हती.

पोलिसांवर लोकांचा डोळा असावा म्हणून त्या भागात एक देखरेख समिती नेमली होती. सगळी साधीच माणसं. त्यांनी जोडीजोडीनं कुठल्याही चौकीत जायचं, कोठडी उघडायला लावायची, आतल्या माणसाशी एकट्यानं बोलायचं आणि त्याच्या अंगावर वळ असतील तर ते नोंदवायचे. अट एकच, आधी कळवायचं नाही. या सगळ्या खटाटोपाचा जीव त्या अटीत होता. कळवून जायचं असेल तर मग हारतुरे घेऊनच जावं, असं क्लचबाई पहिल्याच बैठकीत फाडकन बोलल्या होत्या.

त्यांच्या जोडीला होते त्यांचे धाकटे दीर. विम्याचे एजंट, आता निवृत्त. पण जिभेवरची साखर काही निवृत्त झाली नव्हती. समितीत घरातली दोन माणसं नकोत, असं कुणीतरी सुचवलं तेव्हा भाऊजी हसले. "वहिनी मला भर रस्त्यात झापतात. त्या माझी बाजू घेतील होय?" सगळे हसले आणि विषय तिथंच मिटला. क्लचबाई लग्न होऊन आल्या तेव्हा हे भाऊजी अर्ध्या चड्डीत होते. बापाचा पट्टा निघाला की धावत येऊन वहिनीच्या मागं लपायचे. नवरा गेल्यावर गाडीच्या शाळेची कागदपत्रं, परवाने, कोर्टकचेऱ्या, सगळं त्यांनीच निस्तरलं. अशा माणसावर कोण संशय घेतं? आपल्याच उजव्या हातावर पहारा ठेवायचा का?

तपासणीची त्यांची एक पद्धत होती. क्लचबाई गाडी सुरू करायच्या. भाऊजी मांडीवर बिस्किटांचा जुना डबा घेऊन बसायचे. डब्यात चौक्यांच्या चिठ्ठ्या. शाळेच्या फाटकातून गाडी बाहेर पडली की त्यांनी एक उचलायची आणि मोठ्यानं वाचायची. म्हणजे कुठं जायचं हे गाडीतल्या दोघांखेरीज तिसऱ्याला कळायचं कारणच नाही. वाटेत पेट्रोलपंपावर मात्र थांबावं लागे. भाऊजींना मधुमेह होता, त्यामुळं वरचेवर जावं लागायचं. "या वयात गाडीची टाकी भरायची आणि माणसाची रिकामी करायची," असं म्हणत ते पंपामागं जात. क्लचबाई इंजिन बंद करून कमरेवर हात दाबत बसत.

आणि चौक्या कशा निघाव्यात? लखलखीत. कोठडीत धुतलेली चादर, माठात ताजं पाणी, हवेत फिनेलचा वास. आतली माणसं विचारलं की "सगळं ठीक आहे बाई" म्हणायची. बसायला दिलेल्या खुर्चीवर उशीसुद्धा असे. एका ठाण्यात एकदा त्या पाठ धरून कण्हल्या होत्या, तेव्हापासून यांनी लक्षात ठेवलेलं दिसतंय, असं त्यांना वाटे. बाईंना धन्यता वाटायची. आपल्या धाकानं खातं सुधारतंय, असं त्या शेजारणीलाही सांगून बसल्या होत्या.

त्या सकाळी शाळेच्या ऑफिसात एक बाई आली. समोरच्या गल्लीत पडदे शिवून द्यायची. तिचा मुलगा टेम्पो चालवायचा. गाडी तो क्लचबाईंकडेच शिकला होता. वळणावर शिट्टी वाजवायची खोड असलेला, पण हात हलका.

"शनिवारी उचललाय त्याला," ती म्हणाली. "टेम्पोत चोरीचा माल होता म्हणतात. घाटाखालच्या चौकीत आहे. मी गेले तर म्हणाले, इथं असा कुणी नाहीच. पण मी बाहेरून त्याचं ओरडणं ऐकलंय हो. आईला कळत नाही का?"

"नोंद नाही?"

"नाहीच म्हणतात. तुम्हाला आत जाता येतं ना, न विचारता? एकदा डोळ्यांनी बघा. तुम्ही बघितलं म्हणजे त्यांना नाही म्हणता यायचं नाही."

त्या माउलीनं अगदी मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. नोंद नसलेला माणूस समितीनं कोठडीत पाहिला, की तो आहे. नाही पाहिला, की त्याचं काय करायचं ते करायला चौकी मोकळी.

"इथंच बसा," क्लचबाई म्हणाल्या. "मी बघून येते. माझा शब्द."

गाडी फाटकाबाहेर काढल्यावर त्यांनी भाऊजींच्या मांडीवरचा डबा मागच्या सीटवर टाकला. "आज चिठ्ठी नाही. घाटाखालची चौकी."

"तिथं तर आपण कधीच गेलो नाही. लांब आहे, वहिनी. तुमच्या पाठीला..."

"पाठ गेली खड्ड्यात."

पंप आला. भाऊजी अवघडल्यासारखे हसले. "थांबावं लागेल हो." क्लचबाईंनी दातओठ खात गाडी बाजूला घेतली. आज त्यांना जरा जास्तच वेळ लागला. प्रकृतीपुढं कुणाचं काय चालतं, म्हणून त्या गप्प बसल्या.

घाटाखालची चौकी म्हणजे दोन खोल्या आणि एक कोठडी. दारातच फिनेलचा भपकारा आला. फरशी अजून ओली होती आणि कोपऱ्यात बादली तशीच होती. कोठडीचं दार सताड उघडं. आत कुणी नव्हतं; खिडकीखालची भिंत तेवढी हातभर उंचीपर्यंत खरवडून घासलेली, बाकी सगळी कळकट.

"कोणी नाही हो आमच्याकडे," चौकीचे साहेब म्हणाले. "आठवडाभर कोठडी रिकामीच आहे. या, बसा."

खोलीत चार खुर्च्या होत्या. तीन लोखंडी, बोडक्या. चौथीवर फुलाफुलांची नवी कोरी उशी, पाठीला लागेल अशी उभी ठेवलेली. दुकानाचं लेबलही अजून निघालं नव्हतं. साहेबांनी नेमकी तीच खुर्ची क्लचबाईंपुढं सरकवली.

क्लचबाई बसल्या नाहीत. त्या उशीकडे बघत राहिल्या. या चौकीत त्यांनी आजवर पाऊल ठेवलं नव्हतं. या माणसानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, की कधी कण्हताना ऐकलं नव्हतं. ही उशी कुणीतरी सांगून आणवली होती, तीही आज, आत्ता. असं सांगणारा माणूस त्यांच्या पाठीची काळजी करणाराच हवा. आणि तो शेजारीच उभा राहून चष्मा पुसत होता.

आधी वाटलं, ओरडावं. मग वाटलं, ओरडून कुणाला सांगायचं? त्यांनी उशी काखेत मारली आणि चालू लागल्या.

"बाई, ती चौकीची..." साहेब म्हणाले.

"चौकीची नाही. माझी आहे. माझ्याचसाठी आणलीत ना?"

परतीच्या वाटेवर पंप आला. तिथं क्लचबाईंनी ब्रेक असा मारला की कुठल्याही शिकाऊ पोराला त्यांनी दिवसभर झापलं असतं.

"किती दिवस चाललंय?"

"वहिनी, उगाच राईचा पर्वत..."

"भाऊजी."

भाऊजींनी खिडकीबाहेर बघितलं. "पहिल्यापासून," ते म्हणाले. "पण वाईट काय झालं? आपण यायच्या आधी तिथं झाडू फिरतो, चादरी धुतल्या जातात, माणसांना पाणी मिळतं. सुधारणाच की नाही ती? पोलिसांतले मोठे साहेब स्वतः म्हणाले, अचानक जाऊन कुणाचा पाणउतारा करू नका, आपण मिळून चालवू. मला नावानिशी ओळखतात ते. दारात उठून उभे राहतात. जन्मभर लोकांची दारं वाजवली, वहिनी, आणि लोक आतून सांगायचे, घरी नाही म्हणून."

"आणि तो पोरगा?"

"मला काय माहीत तिथं पोरगा आहे! तुम्ही सांगितलंत का?"

खरंच, त्यांनी सांगितलं नव्हतं. रागाच्या घाईत फक्त चौकीचं नाव घेतलं होतं. पण म्हणून यांचा गुन्हा कमी होत नव्हता. उलट जास्तच वाटला. कोण आत आहे, हे विचारायचीसुद्धा गरज यांना पडली नव्हती.

"उशी का सांगितलीत?"

"तुम्हाला त्रास होतो म्हणून," भाऊजी म्हणाले. "प्रत्येक ठिकाणी आधी तेच सांगत होतो मी."

केसानं गळा कापतात तो असा, क्लचबाईंच्या मनात आलं. वर हळूच फुंकरही घालतात. हे प्रेम खोटं असतं तर बरं झालं असतं.

"उतरा," त्या म्हणाल्या.

"वहिनी, घर लांब आहे."

"फोन आहे ना खिशात? करा कुणाला तरी. उठून उभे राहतील."

मुलगा सापडला तो सरकारी दवाखान्यात. त्याच्या आईला गाडीत घालून क्लचबाईंनी एकेक दवाखाना पालथा घातला, तेव्हा दुपारी तिसऱ्या प्रहरी एका पलंगावर तो दिसला. केसपेपरवर लिहिलं होतं, बाह्यवळणावर रस्त्यात पडलेला आढळला. डावा पाय मांडीपासून प्लॅस्टरमध्ये. ओठ फाटलेले. पाठीवर जुने वळ आणि त्यांवर आजचं ताजं खरचटणं. आईनं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून ती उभी राहिली.

त्यानं क्लचबाईंना बघितलं आणि हसायचा प्रयत्न केला.

"बाई, तुम्ही येणार हे मला कळलं होतं."

"कसं?"

"तेच बोलत होते. फोन आला आणि एकदम धावाधाव सुरू झाली. क्लचबाई येतेय, क्लचबाई येतेय, याला हलवा." तो धाप लागून थांबला. "तुमचं नाव ऐकलं आणि मला रडूच आलं, बाई. म्हटलं, सुटलो. मग त्यांनी गाडीत कोंबलं. बाह्यवळणावर दार उघडलं, गाडी चालूच होती. मी म्हणत होतो, अहो थांबवा तरी, पाय टेकू द्या."

क्लचबाईंनी प्लॅस्टरकडे बघितलं. डावा पाय. क्लचचा पाय. ज्यांनी तो पाय हलकेच उचलायला शिकवला होता, त्यांच्याच येण्यानं तो मोडला होता.

"न सांगता जाणार होतात ना?" आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, अजून तिला नुसतं समजून घ्यायचं होतं. "मग त्यांना कळलं कसं? तुम्ही कुणाला सांगितलंत?"

समितीची बैठक सोमवारी होती. तिथं उभं राहून सांगायचं होतं, जोडीदाराचं नाव घ्यायचं होतं, घराण्याची अब्रू वेशीला टांगायची होती. आजवरच्या साऱ्या लखलखीत चौक्यांखाली आपली सही आहे आणि त्यातली एकही खरी नाही, हेही कबूल करायचं होतं. ते सगळं त्या करणारच होत्या. पण इथं, या बाईपुढं बोलणं त्याहून अवघड होतं.

"माझ्या घरातल्या माणसाला," त्या म्हणाल्या. "त्यानं कळवलं."

आईची नजर क्लचबाईंच्या काखेतल्या उशीकडे गेली. गाडीतून उतरताना ती त्यांनी का उचलली होती, त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. आईनं ती ओढून घेतली, दातांनी लेबल तोडलं आणि मुलाच्या मोडलेल्या पायाखाली नीट सरकवली.

"तुम्ही जा आता," ती म्हणाली.