कढीलिंबावरचं पाखरू

दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात अंजनवेल गावात सगुणाच्या आमटीत कढीलिंब पडेना. झाड दारातच होतं, पण त्यावर एका अळीने कोष केला होता, आणि सुट्टीवर आलेल्या नवऱ्याने, लवूने, झाडाला हात लावायला मनाई केली होती. वर्षातले दहा महिने बोटीवर काढणाऱ्या या बाप्याला अळीचं कसलं कौतुक, म्हणून ती कुरकुरायची. मनातून मात्र तिला ते आवडायचं.

लवूने बोटीवरून बटणाचा कॅमेरा आणला होता. त्याने म्हाताऱ्या आईचे फोटो काढले, गाईचे काढले, खाडीतल्या होड्यांचे काढले. सगुणा तेवढी कॅमेरा दिसला की तोंडावर पदर घेऊन आत पळायची.

कोषातून पाखरू बाहेर पडायच्या आधीच कंपनीचं बोलावणं आलं. लवूचं तोंड एवढंसं झालं. रिळात एकच फोटो उरला होता. कॅमेरा तिच्या हातात देत तो म्हणाला, "ह्यो पाखराचा. चुकवू नको गो."

रेडिओच्या पलीकडे कुठल्या बटणाला हात न लावलेली ती बाई! तिचा जीव टांगणीला लागला. चहाचं आधण ठेवायच्या आधी ती झाडापाशी जाऊन बघायची. एका सकाळी पाखरू पंख वाळवत लटकलेलं दिसलं. काळंभोर, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची माळ आणि खाली दोन शेपट्या. सगुणाने ओले हात लुगड्याला पुसले, श्वास रोखला आणि बटण दाबलं. कॅमेऱ्यात घर्र झालं. मोडला की काय, म्हणून ती रडकुंडीला आली, पण रीळ संपून गुंडाळलं गेलं होतं. शेजारचा महिपत लवूच्याच बोटीवर निघाला होता, त्याच्याजवळ तिने ते कॅमेऱ्यासकट दिलं.

पुढे लवूचा फोन आला. "कसा आला वो फोटो?" तिने विचारलं.

"एक नंबर! डोळ्यांसमोरून हलत नाय."

सगुणाने ते गावभर सांगितलं.

काही वर्षांनी लवूने दर्याला रामराम ठोकला. त्याची पेटी उपसताना तिला तो फोटो सापडला. फोटोभर तिचा अंगठा, आणि त्याच्या आडून डोकावणारी एक काळी शेपटी. चारही कोपरे टाचण्यांनी चाळणीसारखे झालेले. प्रत्येक बोटीवर त्याने तो भिंतीला टोचला होता.

तिला शरमल्यासारखं झालं. "खोटं बोललात! पाखरू कुठाय ह्यात?"

लवूने फोटो तिच्या हातातून हळूच काढून घेतला.

"पाखरां काय, बंदरोबंदरी दिसली. तू कधी फोटोला उभी ऱ्हायलीस काय? एवढीच आलीस माझ्या वाट्याला."